ब्रॉडहेड डावीकडे जातोय? साइटला हात लावण्याआधी बाण तपासा

नाशिकच्या सिडकोत वाढलेले आणि आता नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनमध्ये राहणारे एक गृहस्थ विचारतात: "माझा कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ताणायला ६० पाउंडांचा आहे, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ताणण्याची लांबी, साडेअठ्ठावीस इंच. दुकानदाराने ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा) कार्बन बाण २८ इंचांवर कापून दिलेत, पुढे १०० ग्रेनचं, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचं, टोक. ३० यार्डांवर फील्ड पॉइंटचे, म्हणजे सरावाच्या बिनपात्यांच्या टोकांचे, तीनही बाण बशीएवढ्या जागेत बसतात. तेवढ्याच वजनाचा तीन पात्यांचा ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार टोक, लावला की बाण सहा इंच डावीकडे आणि तीन इंच खाली जातो. हरणाचा धनुष्य-हंगाम सप्टेंबरात सुरू होतोय. साइट, म्हणजे बोवरची नेमाची खूण, सरकवू, की दुसऱ्या कंपनीचे ब्रॉडहेड घेऊ? जुलैत नाशिकला येतोय, बो सोबत आणू का?"

साइट सरकवू नका आणि नवे ब्रॉडहेडही इतक्यात घेऊ नका. तुमचा ब्रॉडहेड खराब नाही. बाण बोमधून वाकडा निघतोय, ते तो दाखवतोय. फील्ड पॉइंट लावल्यावरही बाण तसाच वाकडा निघतो, फक्त मागचे प्लास्टिकचे पंख, म्हणजे व्हेन, त्याला काही यार्डांत सरळ करून घेतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

मिशिगनमध्ये नोकरीला असताना संध्याकाळी एका बो-शॉपमध्ये कामाला बसायचो. दर ऑगस्टमध्ये हाच प्रश्न घेऊन माणसं यायची आणि त्यातले बहुतेक साइट आधीच सरकवून आलेले असायचे. नाशिकला परतल्यापासून अंबडच्या एका शेडमध्ये कंपाउंडवाल्या मुलामुलींचे बो लावून देतो. इथे ब्रॉडहेडचा संबंध नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हे योग्यच आहे. तुम्ही जिथे राहता तिथे परवाना, हंगाम आणि नियम ठरलेले आहेत, त्या चौकटीतच हे उत्तर वाचा. बोचं शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

आधी कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप उलगडेल. ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या तोंडाशी बसवलेले छोटे पंख. बाण हवेत अगदी सरळ चालला असेल तर त्या पंखांवर दोन्ही बाजूंनी सारखाच दाब येतो. शेपूट जरा जरी एका अंगाला राहिली तर पाती हवा कापताना तिरपी होतात आणि बाणाला तोंड वळलेल्या दिशेला ओढतात. मागचे व्हेन शेपूट जाग्यावर आणायला बघतात, पुढची पाती तोंड दुसरीकडे न्यायला बघतात, आणि ३० यार्डांत या ओढाताणीचा हिशेब सहा इंचांचा होतो. संक्रांतीला येवल्यात पतंग एका अंगाला झुकायला लागला की नवशिका त्याला शेपूट बांधतो आणि जाणता माणूस पतंग उतरवून कामटी तासतो. मोठे व्हेन लावणं म्हणजे शेपूट बांधणं. आपल्याला कामटी तासायची आहे.

साइट सरकवली तर ३० यार्डांवर ब्रॉडहेड मध्यभागी येईल हे खरं. पण तो वाकड्या वाटेने मध्यभागी येईल. २० वर वेगळा लागेल, ४० वर आणखी वेगळा, आणि आडवा वारा सुटला की काय होईल ते सांगता येत नाही. शिवाय तिरपा लागलेला बाण आत शिरताना आपली ताकद शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, लचकण्यात घालवतो. हरणाच्या बाबतीत याचा अर्थ जखमी होऊन पळालेलं जनावर. हंगामाच्या आदल्या आठवड्यात घाईने साइट सरकवणाऱ्याला मी दर वेळी थांबवायचो, ते याच कारणासाठी.

आता तुमच्या बाणाकडे येतो, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे.

स्पाइनचा आकडा कसा येतो ते बघा. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवतात, मध्ये १.९४ पाउंडांचं वजन, म्हणजे साधारण ८८० ग्रॅम, टांगतात आणि शाफ्ट किती वाकला ते मोजतात. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००, ०.४०० इंच वाकला तर ४००. म्हणजे आकडा लहान, शाफ्ट कडक. हा झाला स्थिर स्पाइन. बोमधून सुटताना बाण प्रत्यक्षात किती लचकतो, तो चालता स्पाइन, आणि खरं महत्त्व त्याला आहे. बोचे पाउंड वाढले की बाण जास्त लचकतो. बाण लांब ठेवला की जास्त लचकतो. टोकाला वजन वाढवलं की जास्त लचकतो. कॅम, म्हणजे बोच्या टोकांची चाकं, आक्रमक असला, म्हणजे ताकद एकदम देणारा असला, तरीही जास्त लचकतो.

६० पाउंड, २८ इंचांचा बाण आणि १०० ग्रेनचं टोक, या जोडीला बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यांत ४००चा शाफ्ट सांगितलेला असतो. ५००चा शाफ्ट ५० पाउंडांच्या आसपासच्या बोला शोभतो. तुमच्या दुकानदाराने बहुधा तुमची ड्रॉ लेंग्थ बघितली आणि पाउंड बघितले नाहीत, किंवा तेव्हा तुमचा बो ५० वर होता आणि नंतर तुम्ही लिम्ब बोल्ट (बोच्या वाकणाऱ्या भुजांचे, पाउंड कमी-जास्त करणारे स्क्रू) आवळले. दुसरी गोष्ट फार जणांच्या बाबतीत घडते, आठवून बघा.

मऊ शाफ्टवर फील्ड पॉइंट चालून जातो. ब्रॉडहेड चालत नाही. तुम्ही मधल्या दोन आकड्यांत अडकलात तर ब्रॉडहेडसाठी नेहमी कडक बाजूला जा. रिलीजने, म्हणजे स्ट्रिंग सोडायच्या खटक्याने, मारणाऱ्या कंपाउंडला थोडा जास्त कडक बाण सहसा त्रास देत नाही, मऊ बाण नक्की देतो. आणि एक सावधगिरी: बाण डावीकडे गेला म्हणजे कडक, उजवीकडे गेला म्हणजे मऊ, असं सूत्र तुम्हाला कोणी सांगेल. ते बोटांनी स्ट्रिंग सोडणाऱ्यांच्या धनुष्यावरून आलेलं आहे. रिलीज वापरणाऱ्याने त्यावर विसंबू नये. तक्ता उघडा, आपले आकडे घाला आणि त्यावरून ठरवा.

बाण लगेच बदलायचे नसतील तर तात्पुरता उपाय आहे. दोन्ही लिम्ब बोल्ट सारखे, अगदी मोजून सारखे, सैल करून बो ५० च्या जवळ आणा आणि ब्रॉडहेड पुन्हा मारून बघा. फरक मोठ्या प्रमाणात कमी झाला तर निदान पक्कं झालं. बोल्ट किती फेरे सैल करता येतात त्याची मर्यादा बोच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडू नका. बाण अर्धा इंच कापून ५००चा ४०० होत नाही, आणि जास्त कापला तर पूर्ण ताणल्यावर पाती तुमच्या बोटांजवळ येतील. ते कधीच चालणार नाही.

नवा बाण घेताना वजनाचा हिशेब मांडून घ्या. तुमचा आताचा बाण ३५० ग्रेनच्या आसपास असेल. उदाहरणादाखल ४००चा शाफ्ट इंचाला साडेआठ ग्रेन धरला तर २८ इंचांचे २३८ ग्रेन, इन्सर्ट (टोक जिच्यात बसवतात ती नळी) २५, टोक १००, तीन व्हेन मिळून १८, नॉक (स्ट्रिंगवर बसणारं मागचं टोपण) ९. बेरीज ३९० ग्रेन, म्हणजे सव्वापंचवीस ग्रॅम. ६० पाउंडांना साडेसहा ग्रेन दर पाउंड पडले. पाउंडामागे ५ ग्रेनच्या खाली कधीच जाऊ नका. इतका हलका बाण म्हणजे रिकामा बो सोडल्यासारखंच आहे, लिम्ब आणि स्ट्रिंग त्यात जातात. शिकारीसाठी मला स्वतःला साडेसहा ते साडेसातमधला बाण आवडतो. त्याहून जड बाणाचे भक्त तिकडे भरपूर भेटतील आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, पण बाण जड झाला की तो वाटेत खाली जास्त येतो आणि अंतराचा अंदाज चुकला तर शिक्षा मोठी मिळते. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ३९० ते ४४० हा पल्ला पुरेसा आहे.

वेगाचा मोह सोडा. कंपन्या जो वेग छापतात तो ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो. तुमचे पाउंड आणि ड्रॉ दोन्ही त्याहून कमी आहेत, आणि नवा बाण जड असेल. स्थिर पात्यांचा ब्रॉडहेड सेकंदाला २८० फुटांच्या वर गेला की त्याला सांभाळणं अवघड होत जातं, कारण प्रत्येक छोटी चूक पाती जास्त जोराने बोलून दाखवतात. २६० ते २७५ मध्ये तो शहाण्यासारखा चालतो.

तोंडाकडचा भारही बघा, त्याला एफओसी म्हणतात. ब्रॉडहेड लावलेला बाण बोटावर तोलून समतोलाची जागा शोधा. नॉकच्या खाचेपासून तिथपर्यंत मोजा, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा. लांबी मोजताना शाफ्टच्या टोकापर्यंतच मोजायची, ब्रॉडहेड धरायचा नाही. वरचा ३९० ग्रेनचा बाण पावणेअठरा इंचांच्या आसपास तोलेल. पावणेअठरातून १४ गेले, पावणेचार राहिले, भागिले २८, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या थोडं खाली. १२ ते १५ टक्के असेल तर ब्रॉडहेडला चांगलं. २५ ग्रेनच्या इन्सर्टऐवजी ५० ग्रेनचा पितळी घातला तर टक्का वाढेल, पण बाण मऊही होईल. तो घालून वर १२५ ग्रेनचं टोक लावायचं असेल तर ४०० पुरणार नाही, ३४० कडे जावं लागेल. टोक बदललं की स्पाइनचा तक्ता पुन्हा उघडायचा, हे विसरू नका.

आता ज्या कामाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते: शाफ्टचं कापलेलं टोक काटकोनात आहे का. दुकानातल्या कटरवर पातं बोथट असेल किंवा बाण नीट टेकवलेला नसेल तर टोक किंचित तिरकं कापलं जातं. डोळ्याला दिसत नाही. काळ्या मार्करने शाफ्टची कापलेली कड रंगवा, आणि बाण काटकोनी करण्याच्या छोट्या साधनात धरून बारीक सॅंडपेपरवर हलके एक-दोन फेरे फिरवा. टोक चांगलं असेल तर शाई सगळीकडून एकदम निघते. तिरकं असेल तर एका बाजूची कड घासून मोकळी होते आणि समोरच्या बाजूला काळी चंद्रकोर तशीच राहते. ती कोर जाईपर्यंत, अगदी हलक्या हाताने, फिरवत राहा. मग इन्सर्ट चिकटवा, ग्लू वाळू द्या आणि इन्सर्टच्या तोंडावर हेच पुन्हा करा, कारण ब्रॉडहेड शेवटी तिथे टेकतो. नॉकच्या बाजूची कडही करा. कार्बनची भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क हवा, आणि काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

मग ब्रॉडहेड लावून बाण फिरवून बघा. दोन छोट्या चाकांचा स्पिनर मिळतो, तो नसेल तर दोन्ही हातांच्या नखांवर बाण आडवा ठेवून फुंकर मारली तरी चालतं, फक्त पाती अंगापासून लांब ठेवा. नजर ब्रॉडहेडच्या अणीवर. अणी जागेवर स्थिर दिसली तर ठीक. अणी छोटं वर्तुळ काढत असेल तर तो ब्रॉडहेड दुसऱ्या बाणावर लावून बघा. तिथेही डुलला तर ब्रॉडहेड वाकडा, तिथे स्थिर राहिला तर इन्सर्ट वाकडा. डझनातले दोन-तीन बाण हमखास मागे पडतात. त्यांना फील्ड पॉइंट लावून सरावाला ठेवा, टाकून देऊ नका. ब्रॉडहेड आवळताना आणि सोडवताना त्याच्यासोबत येणारा पाना वापरा. बोटांनी कधीही नाही.

प्रत्येक शाफ्टला एक बाजू किंचित जास्त कडक असते. बाणांना मार्करने नंबर घाला. एखादा नंबर सारखा ग्रुपच्या, म्हणजे एकत्र लागलेल्या बाणांच्या, बाहेर पडत असेल तर त्याचा नॉक थोडा फिरवा, म्हणजे दुसरा व्हेन वर येईल, आणि पुन्हा मारा. पुष्कळदा तो बाण गपचूप घरी परततो.

व्हेनबद्दल थोडक्यात. ब्रॉडहेडला सरळ चिकटवलेले व्हेन नकोत, हेलिकल, म्हणजे पीळदार, हवेत किंवा निदान एक-दोन अंश तिरके. बाण स्वतःभोवती फिरला की पात्यांची ओढ सगळीकडे वाटली जाते. तीन उंच व्हेन किंवा चार बुटके, दोन्ही चालतं. त्याहून मोठ्या व्हेनचा आवाज होतो आणि आडव्या वाऱ्यात ते बाणाला ढकलतात.

बाण असे तयार झाले की बोकडे वळा. पण त्याआधी स्वतःच्या हाताकडे. ग्रिप तळहाताने दाबून धरली तर सोडताना बो पिळतो आणि उत्तम लावलेला बोही वाकडा बाण सोडतो. ग्रिप अंगठ्याच्या मुळाच्या मांसल भागावर, तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला टेकवा आणि बोटं सैल सोडा. चेहरा स्ट्रिंगला टेकतो तेवढाच टेकू द्या, दाबू नका. हिवाळी जाकीट घातल्यावर स्ट्रिंग बाहीला लागते का तेही आत्ताच बघा. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात तुम्ही टी-शर्टवर मचाणावर बसणार नाही.

बोची मापं पुस्तिकेशी जुळवा: एका ॲक्सलपासून दुसऱ्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर), ड्रॉ वेट (ताणायचे पाउंड). स्ट्रिंग ताणली गेली असेल तर तिन्ही हळूहळू सरकतात, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बोची हमखास सरकतात. दोन कॅमचा बो असेल तर दोन्ही ड्रॉ स्टॉप (ताण थांबवणारे अडसर) एकाच वेळी टेकतात का ते कोणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा, किंवा ड्रॉ बोर्डवर, म्हणजे बो ताणून धरणाऱ्या फळीवर, बघा. एक आधी आणि एक नंतर टेकत असेल तर नॉक वरखाली होत निघतो आणि रेस्ट (बाण टेकतो तो आधार) कितीही हलवा, वरखालीचा दोष जात नाही. केबलला पीळ देणं हे बो प्रेसचं, म्हणजे बो दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या यंत्राचं, काम आहे. प्रेस नसेल तर ते घरी करू नका. मी डोळे आणि बोटं दुखावलेली माणसं बघितली आहेत.

रेस्टची सुरुवातीची जागा: बाण रायझरच्या (बोच्या मधल्या कडक भागाच्या) बर्गर होलच्या, म्हणजे रेस्ट बसवायच्या भोकाच्या, मध्यावरून जावा, आणि बाणाचा मध्य रायझरपासून कंपनीने सांगितलेल्या अंतरावर. बऱ्याच बोंना ते १३/१६ इंच, म्हणजे २० मिलिमीटरच्या जरा वर असतं. डी-लूप (स्ट्रिंगवरचा, रिलीज अडकवायचा दोरीचा फास) अशी बांधा की बाण स्ट्रिंगला काटकोनात बसेल किंवा नॉक केसभर वर राहील.

व्हेन रेस्टला घासतात का, ही तपासणी चुकवू नका. तिकडे लोक लिपस्टिक किंवा पायाची पावडर वापरतात. मी रेस्टच्या दांडीवर आणि केबलच्या जवळच्या भागावर बोटाने ओलं कुंकू लावतो. एक बाण मारा आणि व्हेन उजेडात धरून बघा. एका व्हेनच्या कडेला लाल रेघ उमटली की समजा, बाण सुटताना तिथे ठेचकाळतोय. नॉक जरा फिरवा किंवा खाली पडणाऱ्या रेस्टची दोरी अशी बांधा की ती लवकर खाली जाईल. घासणारा व्हेन असेपर्यंत बाकी कुठलंही ट्यूनिंग खोटं बोलतं.

यानंतर पेपर ट्यूनिंग. लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचा कागद ताणून लावा, पाच-सहा फुटांवरून मारा आणि मागे बाण अडवायला फोम ठेवा. टोकाचं गोल भोक आणि व्हेनच्या तीन चिरा एकाच ठिकाणी आल्या तर बाण सरळ निघाला. चिरा भोकाच्या वर पडल्या तर शेपूट वर आहे, रेस्ट किंचित वर घ्या किंवा डी-लूप खाली. चिरा डावी-उजवीकडे असतील आणि हाताचा दोष नसेल, तर बोच्या रचनेप्रमाणे योक केबलला (टोकाशी दोन फाटे होणाऱ्या केबलला) त्या बाजूचा पीळ वाढवतात किंवा स्पेसर बदलून कॅम फाटलेल्या बाजूकडे सरकवतात. पुन्हा सांगतो, ते प्रेसवर. कागदात पाव इंचाच्या आतली फाट आली की तिथेच थांबा. कागदावर परिपूर्ण भोक पाडण्यात संध्याकाळ घालवू नका, कागद काही फुटांवरची गोष्ट सांगतो आणि तुम्हाला ३० यार्डांवरची हवी आहे.

ती गोष्ट ब्रॉडहेड स्वतः सांगतो. शांत हवेचा दिवस निवडा. वीस यार्डांवर, घट्ट फोमच्या ब्लॉकवर मारा. कापडी पिशवीच्या टार्गेटवर ब्रॉडहेड मारू नका, पिशवी फाटते आणि बाण निघत नाही. तीन बाण फील्ड पॉइंटचे, तेच तीन नंबर ब्रॉडहेड लावून, प्रत्येकी वेगळ्या ठिपक्यावर, म्हणजे एक बाण दुसऱ्याचे व्हेन कापणार नाही. एका बाणावरून कधीच निष्कर्ष काढू नका. दोन्ही ग्रुपचे मध्य काढा.

ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागले तर रेस्ट उजवीकडे. ब्रॉडहेड खाली लागले तर रेस्ट वर. म्हणजे ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटकडे जाणारी जी दिशा, त्याच दिशेला रेस्ट. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकवा, आणि एका वेळी एकच दिशा. तुमच्या बाबतीत आधी वरखाली जुळवा, मग डावं-उजवं. रेस्ट सरकवल्यावर दोन्ही ग्रुप हलतील, पण ब्रॉडहेड जास्त हलेल आणि दोघे जवळ येत जातील. अंतर वाढलं तर उलट दिशेला जा. सगळे बो सारखे वागत नाहीत आणि लक्ष्यावरचा निकाल सूत्रापेक्षा मोठा. वीसवर जुळलं की तीसवर, मग चाळीसवर. दोन्ही ग्रुप एक झाले की आत्ता, फक्त आत्ता, साइटला हात लावायचा आणि एक झालेला ग्रुप मध्यभागी आणायचा.

रेस्ट दोन-तीन मिलिमीटरहून जास्त सरकवावी लागत असेल तर थांबा. दोष रेस्टमध्ये नाही. स्पाइन, कॅम किंवा ग्रिप, यातलं काहीतरी राहिलंय. पुन्हा मागे जा.

ब्रॉडहेड कोणता? ज्याचा व्यास लहान, लांबी आखूड आणि अणी मध्यावर, तो सरळ जायला सोपा. लांब आणि रुंद दोन पात्यांचा ब्रॉडहेड चांगल्या ट्यून केलेल्या बोवर सुंदर चालतो आणि खोल जातो, पण वाकड्या बाणाला तो अजिबात क्षमा करत नाही. उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड फील्ड पॉइंटसारखे उडतात हे खरं आहे. तेवढ्यासाठी ते घेऊ नका. लागल्यावर पाती उघडायला बाणाची थोडी ताकद जाते, आणि वाकडा चाललेला बाण तिरपा लागला तर नुकसान तिथेही होतंच. बो आधी स्थिर पात्यांवर लावा, मग हवं तर उघडणारे वापरा. पात्यांची किमान रुंदी आणि बोचे किमान पाउंड याबद्दल राज्याचा नियम असतो, तो हंगामाच्या पुस्तिकेत वाचून घ्या. सरावात वापरलेली पाती शिकारीला वापरू नका. फोममध्ये गेलेलं पातं बोथट झालेलं असतं, ते बदला किंवा धार लावा. धारेची परीक्षा रबरबँडवर घ्या: पात्यावरून हलका ओढला की तुटला पाहिजे.

आता तुम्ही बो आणायचं विचारलंय. आणा, पण ब्रॉडहेड तिकडेच ठेवा. ते इथे आणण्याचं काहीच कारण नाही, आणि आपल्या कामाला ते लागतही नाहीत. व्हेन काढलेला रिकामा शाफ्ट, म्हणजे बेअर शाफ्ट, ब्रॉडहेडचीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतो: त्याच्यामागे सरळ करणारं कोणी नसतं, त्यामुळे बाण कसा निघाला ते लपत नाही. इथे २० यार्डांवर बेअर शाफ्ट आणि व्हेनवाले बाण एका ग्रुपमध्ये आणून दिले की विस्कॉन्सिनला परतल्यावर तुमचं ब्रॉडहेडचं काम केसभर रेस्ट सरकवण्यापुरतं राहील. बेअर शाफ्टला समोर ब्रॉडहेडच्या वजनाचाच फील्ड पॉइंट लावायचा, आणि मागच्या व्हेनच्या वजनाइतकी टेप गुंडाळायची. १८ ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅमपेक्षाही कमी, सोनाराच्या काट्यावर सहज मोजून होतं.

जुलैत नाशिकला वारा आणि पाऊस दोन्ही असतात, म्हणून मैदानावर काही जमणार नाही, शेडमध्येच करू. तसंही ट्यूनिंग आडोशालाच करावं. महाराष्ट्रात कंपाउंडला आज चांगले दिवस आहेत. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला विश्वविजेते झाले आणि त्यानंतर इथल्या मुलांची रीघ वाढली. ओजसने त्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारले. ५० मीटरवर हे करायचं तर बाण सरळच निघावा लागतो. शेडमधल्या मुलांना मी बेअर शाफ्ट ट्यूनिंग शिकवतो ते त्यासाठी. तुमच्यासमोरही तेच करीन.

बो विमानात चेक-इन सामानातच द्यावा लागेल, कडक पेटीत. लिम्ब बोल्ट सैल करायचे असतील तर किती फेरे सैल केले ते लिहून ठेवा, आणि रेस्ट व डी-लूपच्या जागा मार्करच्या बारीक रेघेने खूण करून घ्या. निघण्याआधी मला एवढं कळवा: बोचं मॉडेल, प्रत्यक्ष तराजूवर मोजलेले पाउंड, बाणाची नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी, शाफ्टवर छापलेला स्पाइन आणि इंचाचं वजन, ब्रॉडहेड फिरवल्यावर अणी डुलते का, आणि ५० पाउंडांवर आणून मारल्यावर ते सहा इंच किती राहिले. शेवटचा आकडा आला की ४००चे शाफ्ट तिकडून घेऊन यायचे, पण न कापता, हे मी लगेच सांगू शकेन. कापायचं आणि कड काटकोनात करायचं काम इथे करू.